सॉफ्टनरचे खारे पाणी कोठे सोडावे?

महाराष्ट्राचा बराच मोठा भाग काळ्या कातळावर वसलेला आहे. या कातळातून विंधन विहिरीने उपसलेले पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि बंबात वा गीझरमध्ये पांढरी पुटे बसतात. म्हणून शेतावरील घरांतूनही आता पाणी मृदू करणारे यंत्र, म्हणजे सॉफ्टनर, बसविण्यात येते. मृदू झालेले पाणी कोठे न्यावयाचे याचा विचार सर्वच करतात. यंत्र धुतल्यावर निघणारे खारे पाणी कोठे जावयाचे, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ज्या घरी सार्वजनिक गटार नसून सेप्टिक टाकी व शोषखड्डा आहे, तेथे हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे.

मीठ किती निघते?

यंत्राच्या नळकांड्यात रेझिनचे बारीक मणी असतात. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम हे मणी धरून ठेवतात आणि त्यांच्या बदली सोडियम पाण्यात सोडतात. मण्यांची ही शक्ती संपली की मिठाच्या दाट पाण्याने ते धुवावे लागतात. घरगुती यंत्रातून अशा एका धुण्याला सुमारे १५० ते २०० लिटर खारे पाणी बाहेर पडते.

एक उदाहरण घेऊ. पाण्याचा जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज ५०० लिटर पाणी मृदू केले जाते. अशा घरी रोज सुमारे अर्धा किलो मीठ लागते. वर्षाचे ते पावणेदोनशे किलो, म्हणजे ५० किलोची साडेतीन पोती होतात. मीठ कुजत नाही, जंतू ते खात नाहीत व माती ते गाळून घेत नाही. जितके मीठ यंत्रात घालावे, तितके अंगणातच कोठे तरी राहते.

कोठे सोडू नये?

१. सेप्टिक टाकीत : माफक मिठाने टाकीतील उपयुक्त जंतू सरसकट मरतात असे नाही. परंतु एकदम आलेल्या पाण्याच्या लोंढ्याने तळाचा गाळ ढवळतो व तो शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रे बुजतात. शिवाय काळ्या जमिनीत चिकणमाती पुष्कळ असते. सोडियमने तिचे कण सुटे होतात, फुगतात व पाण्याची वाट बंद करतात. मग शोषखड्डा भरून वाहू लागतो.

२. परसबागेत : न्हाणीच्या पाण्यावर केळी व अळू लावण्याची आपली रीत चांगली आहे, पण यंत्राचे खारे पाणी तेथे सोडल्यास जमीन खारवट व पुढे चोपण होते. चोपण जमीन सुधारण्यास जिप्सम, निचरा आणि अनेक वर्षे लागतात. मृदू केलेले पाणीही झाडांना घालू नये; वरील उदाहरणात त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे १८० मिलिग्रॅम सोडियम वाढलेले असते.

३. विहिरीजवळ अथवा ओढ्यात : शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. तो रोगजंतूंसाठी आहे. मीठ पाण्याबरोबर जमिनीतून चालत राहते. अंतराने त्यास थोडा उशीर होतो, इतकेच. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. एका वर्षाच्या साडेतीन पोत्यांतील क्लोराइड सव्वाचार लाख लिटर शुद्ध पाण्यास त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. विहीर आपली असो वा शेजाऱ्याची, तिला हा भार सोसत नाही.

मग करावे काय?

प्रथम मीठ कमी करावे. पाण्याची तपासणी करून घ्यावी. पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट, आणि दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालतो, असे भारतीय मानक (२०१२) सांगते. तेव्हा पिणे, स्वयंपाक, शौचालय, गोठा व बाग यांचे नळ यंत्राच्या आधीच वेगळे काढावेत. केवळ गीझर व कपडे धुण्यापुरते रोज १५० लिटर पाणी मृदू केल्यास वर्षाला साडेतीन पोत्यांऐवजी सुमारे एक पोते मीठ पुरते. यंत्र ठरावीक दिवसांनी धुतले जाणारे न घेता, वापरलेल्या पाण्याच्या मापावर धुतले जाणारे घ्यावे.

दुसरे, पावसाचे पाणी साठवावे. ते मुळातच मृदू असते. ५० चौरस मीटर छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती वजा जाता सुमारे २४,००० लिटर पाणी मिळते. रोज १५० लिटर वापरल्यास ते पाच महिन्यांहून अधिक पुरेल, आणि तितके दिवस यंत्र बंद ठेवता येईल.

तिसरे, उरलेल्या खाऱ्या पाण्यासाठी वेगळी नळी काढावी. गावात सार्वजनिक गटार व त्यावर शुद्धीकरण केंद्र असल्यास परवानगीने तेथे जोडावी. नसल्यास ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व ४५ सेंटिमीटर खोल कुंड करून त्यास शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद अंथरावा. पाऊस पडू नये म्हणून वर उतरता पत्रा घालावा. वारा खेळावा म्हणून बाजू मोकळ्या ठेवाव्यात. रोज १५० लिटर पाणी मृदू करणारे २५ लिटर मण्यांचे यंत्र सुमारे वीस दिवसांनी एकदा धुवावे लागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांतील १,२०० लिटर पाणी या कुंडात सहज मावते व पुढे उन्हाने आटते. जनावरे मिठाच्या ओढीने येतात, म्हणून कुंपण अवश्य घालावे. तळाशी राहिलेला ओलसर क्षार जाड पिशवीत बांधून ग्रामपंचायतीच्या घनकचरा व्यवस्थेकडे, तो काय आहे हे सांगून द्यावा. शेतात, उकिरड्यात वा जनावरांच्या गव्हाणीत तो टाकू नये.

कार्यकर्त्यांनी गावात विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या घरी यंत्रास महिन्याला किती किलो मीठ लागते?
२. धुण्याच्या पाण्याची नळी कोठे सोडली आहे? तेथून विहीर किती दूर व कोणत्या उतारावर आहे?
३. कोणते नळ यंत्रातून वगळता येतील?
४. छपराचे पाणी साठविण्यास जागा आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे यंत्र विकत घेण्यापूर्वी मिळाली, तर विहीर व जमीन दोन्ही वाचतील.