निर्वात नलिकेचा प्रवर्धक : उभारणी आणि दोषशोधन

हौशी रेडिओच्या प्रेषकातून निघणारा क्षीण संकेत आकाशकाकडे जाण्यापूर्वी सबळ करावा लागतो. हे काम करणाऱ्या मंडलास प्रवर्धक म्हणतात. आज ते ट्रान्झिस्टर करतो. तथापि तत्त्व डोळ्यांनी पाहायचे असेल तर निर्वात नलिकेसारखा, म्हणजेच व्हॉल्व्हसारखा, शिक्षक नाही. येथे आपण १९३६ साली बाजारात आलेल्या ८०७ या व्हॉल्व्हचे उदाहरण घेऊ.

तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात व धनभारित प्लेटकडे धावतात. वाटेतील ग्रिडवर ऋण दाब असतो. त्या दाबातील अल्प बदलाने प्लेटचा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. ८०७ च्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात. प्लेटला ६०० व्होल्ट दिले आणि १०० मिलिअँपिअर प्रवाह वाहिला, तर ६० वॅट शक्ती आत जाते. त्यांपैकी ३८ वॅट बाहेर पडले, तर उरलेले २२ वॅट प्लेटवर उष्णता होऊन राहतात. सतत वापरात २५ वॅट ही प्लेटची मर्यादा. म्हणून मेळ चुकला की बाहेरची शक्ती घटते आणि प्लेट लाल होते.

उभारणी करताना आगत मंडल चॅसीखाली व निर्गत मंडल वर ठेवावे. दोन्ही एकमेकांना ‘दिसू’ लागली, तर प्रवर्धक स्वतःच आंदोलने निर्माण करू लागतो. स्क्रीनचा कंडेन्सर सॉकेटलगतच, आखूड तारांनी जोडावा. प्लेटच्या टोपीजवळ लहान रोधावर गुंडाळलेली काही वेढ्यांची कॉइल घालावी. चालू करताना आधी हीटर, मग ग्रिडचा ऋण दाब, त्यानंतर प्लेट व स्क्रीन हा क्रम पाळावा. प्लेटला दाब नसताना स्क्रीनला कधीही देऊ नये. सारा प्रवाह स्क्रीनवर जाऊन व्हॉल्व्ह निकामी होतो.

दोष शोधताना अंदाजाने भाग बदलू नयेत. पुढील क्रमाने जावे.

१. हीटर उजळत नाही : सॉकेटचे संपर्क व तंतूची अखंडता पाहावी.
२. हीटर ठीक, पण प्लेटला दाब नाही : फ्यूज व रेक्टिफायर तपासावेत.
३. संकेत नसतानाच प्लेट लाल होते : ग्रिडचा ऋण दाब नाहीसा झाला असावा.
४. संकेत नसताना मेळाची कळ फिरवताच प्रवाह हलतो : आंदोलने सुरू आहेत.
५. सारे ठीक, तरी शक्ती कमी : आगत संकेत, आकाशकाची जोडणी व व्हॉल्व्हचे वय तपासावे.

पहिल्या तपासणीपूर्वीच एक नियम मनावर कोरावा. वीज बंद केली तरी कंडेन्सरमधील भार प्राणघातक असू शकतो. ४० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला ५० किलोओहमचा रोध समांतर जोडला, तर दहा सेकंदांत ६०० व्होल्टचे सुमारे ४ व्होल्ट उरतात. त्या रोधात ७ वॅटांहून अधिक उष्णता होते. म्हणून तो २० वॅटचा घ्यावा. परंतु हा रोधही तुटू शकतो. तेव्हा प्लग काढावा, थांबावे, चॅसीला जोडलेल्या, दांड्याला विद्युतरोधक मूठ असलेल्या तारेने भार उतरवावा आणि मीटरने खात्री करूनच हात घालावा. विद्यार्थ्याने हे काम जाणत्याच्या देखरेखीखालीच करावे, एकट्याने नव्हे. शिवाय प्रक्षेपणासाठी केंद्र शासनाची परीक्षा व परवाना आवश्यक आहे.

ज्याला आपण बांधलेल्या यंत्राचा दोष क्रमाने शोधता येतो, त्याला यंत्र खऱ्या अर्थाने समजले असे आम्ही मानतो.