संगणकाचा नाद आणि आजीच्या ओव्या

प्रत्येक हॉस्टेलमध्ये एक तरी संगणकवेडी असतेच. तिला ओळखणं अगदी सोपं. रात्री दोन वाजता ज्या खोलीतून स्क्रीनचा उजेड येतो, ती तिची खोली. मेसमध्ये ती सगळ्यात शेवटी पोचते, तोवर वरण संपलेलं असतं आणि भाजीच्या पातेल्यात नुसता रस्सा उरलेला असतो. "माझा लॅपटॉप हँग होतोय गं, जरा बघ ना" हे वाक्य तिला दिवसातून चार वेळा ऐकावं लागतं. लाइट गेली की तिचा जीव खालीवर होतो. घरून फोन आला की आई विचारते, "जेवलीस का?" आणि बाबा विचारतात, "प्लेसमेंटचं काय?"

आमच्या मजल्यावरची ही व्यक्ती म्हणजे मी.

संगणकाचा नाद म्हटला की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, गेम आणि कोडिंग. दोन्ही एकट्याने करायच्या आणि दोन्ही इंग्रजीत. त्यामुळे "ही पोरगी माणसात राहिली नाही" ही तक्रार ठरलेलीच. मी केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी हा माझ्यासाठी वेळापत्रकातला एक विषय होता, घरी बोलायची भाषा होती, पण संगणकावर लिहायची भाषा कधीच नव्हती. गेल्या दीड वर्षात मात्र हा नाद मराठीतून करून पाहिला आणि एक गोष्ट लक्षात आली. संगणक आपल्याला माणसांपासून तोडतो असं नाही. आपण त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतो, यावर बरंच काही अवलंबून असतं. हेच या लेखात सांगायचं आहे. त्यासाठी थोडं तंत्र, थोडा इतिहास आणि थोडा घरचा अनुभव.

१. 'जालना' या शब्दाची लांबी किती?

लॅबमध्ये आपण सगळ्यांनीच स्ट्रिंगची लांबी मोजणारा प्रोग्रॅम लिहिलेला आहे. इनपुट म्हणून आपल्या गावाचं नाव मराठीत देऊन बघा. सी भाषेत, फाइल यूटीएफ-८ मध्ये असेल तर, उत्तर येतं १५. पायथनला विचारलं तर तो म्हणतो ५. माझी रूममेट सिव्हिलची. तिला विचारलं तर तिने बोटांवर मोजून सांगितलं, "जा-ल-ना, तीन!"

गंमत अशी की तिघांचंही उत्तर बरोबर आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. म्हणून जगातल्या बहुतेक लिप्यांच्या चिन्हांना युनिकोडने एकेक क्रमांक दिला आहे. देवनागरीला मूळ १२८ जागा मिळाल्या, २३०४ पासून २४३१ पर्यंत. त्यात ज चा क्रमांक २३३२, काना २३६६, ल २३५४, न २३४४ आणि पुन्हा काना २३६६. झाले पाच क्रमांक. पायथन हे क्रमांक मोजतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात, म्हणून सी चं उत्तर पाच त्रिक पंधरा. आणि रूममेट मोजते ते खरं मराठी अक्षर, म्हणजे व्यंजन आणि त्याला चिकटलेला स्वर मिळून एक.

आता हीच स्ट्रिंग उलटी करा, पहिल्या वर्षाचा लाडका प्रश्न. पायथन 'ानलाज' असं काहीतरी दाखवेल. पहिला काना बिचारा आधाराशिवाय लोंबकळतो! इंग्रजीत शिकलेला प्रोग्रॅम मराठीत आणला की असा उघडा पडतो. एवढ्याशा प्रयोगाने मला कळलं की आपली लिपी नुसती अक्षरांची रांग नाही. तिच्यात रचना आहे. आपण लिहिताना पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतो, पण संगणकात ती व्यंजनाच्या नंतर साठवली जाते. क, हलन्त आणि ष अशा तीन क्रमांकांतून एकच क्ष दिसतो. र तर बहुरूपीच आहे. सर्प, चक्र, ट्रक आणि दऱ्या हे चार शब्द लिहून बघा, प्रत्येक ठिकाणी त्याचा वेष वेगळा!

हे क्रमांक रूढ होण्याआधी काय होतं? माझ्या मामाचं डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापायचं. त्या काळच्या मराठी फॉन्टची युक्ती सोपी होती. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. दिसायला मराठी, आत इंग्रजी. तोच फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की 'चि. सौ. कां.' च्या जागी कंसांची आणि चिन्हांची खिचडी दिसायची. मामाकडे अशा जुन्या फाइलींच्या सीडी अजून आहेत. मजकूर आहे, पण फॉन्ट गेला म्हणून वाचता येत नाही. मामा म्हणतो, "घर शाबूत आहे, किल्ली हरवली."

ही अडचण ओळखून भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' हे मानक स्वीकारलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेली आहे.

२. बोरूवाला नादिष्ट

क्रमांक मिळाले तरी डोळ्यांना अक्षर दिसायला फॉन्ट लागतो. इथे एका मराठी माणसाचं नाव प्रत्येक कॉम्प्युटर इंजिनियरला माहीत असायला हवं, ते म्हणजे र. कृ. जोशी (१९३६ ते २००८). विंडोज २००० सोबत 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला, तो त्यांनी घडवलेला. पुढच्या काळात सरकारी परिपत्रक असो की कॉलेजची नोटीस, कितीतरी मराठी मजकूर मंगलमध्येच टाइप झाला. आपण तो हजारदा पाहिला असेल, पण त्यामागे कोणाचा हात आहे हे कोणी सांगितलं नाही.

जोशी सर मुळात संगणकवाले नव्हतेच. ते सुलेखनकार होते, मराठीत कविता लिहायचे, जाहिरात क्षेत्रात काम केलेलं होतं आणि आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवत होते. अक्षर हाच त्यांचा नाद. तो नाद त्यांना संगणकापर्यंत घेऊन गेला. पुढे मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत त्यांनी भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर काम केलं.

यातून आपण घेण्यासारखी गोष्ट म्हणजे फॉन्ट ही नुसती चित्रकला नाही आणि नुसतं प्रोग्रॅमिंगही नाही. कोणत्या जोडाक्षरात र ने कुठे बसायचं, याचे नियम फॉन्टच्या आतच लिहावे लागतात. त्यासाठी लिपीवर प्रेम असलेला हात हवा आणि तर्काने चालणारं डोकंही हवं. आपल्यापैकी जी मुलं वहीच्या शेवटच्या पानावर नक्षीदार नावं काढत बसतात आणि सरांची बोलणी खातात, त्यांनी हे लक्षात ठेवावं!

३. ओव्यांचा डेटाबेस

आता घरची गोष्ट. माझी आजी घनसावंगी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तिला शेकड्याने ओव्या येत होत्या. 'होत्या' म्हणायचं कारण, दर सुट्टीत त्या कमी होत आहेत. आजीला लिहिता येत नाही. निराधार योजनेच्या पैशांसाठी सही करायला शिकली, तेवढीच अक्षरं. म्हणजे तिच्या ओव्यांची प्रत एकच, तिच्या डोक्यात. बॅकअप नाही!

मी शोधायला लागले तेव्हा कळलं की हे काम फार मोठ्या प्रमाणावर आधीच झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या खेडोपाडीच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात संगणक आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि या ओव्यांचा डेटाबेस उभा राहिला. आवाजही ध्वनिमुद्रित झाले. गोदावरीपलीकडच्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हा संग्रह लोकांसमोर आणत आहे. एका ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव आणि विषय नोंदवलेला असतो. डीबीएमएसच्या तासाला आपण टेबल, की, रिलेशन शिकतो. इथे ते सगळं आहे, फक्त 'एम्प्लॉयी' आणि 'सॅलरी' च्या जागी माहेर, भाऊ आणि पंढरी आहे.

मग मीही दिवाळीच्या सुट्टीत आजीसमोर लॅपटॉप घेऊन बसले. आजी म्हणाली, "काय लिहायलीस माय, मला कुठं काय आठवतंय आता?" खरंच दोन-तीन ओव्यांनंतर ती अडकायची. शेवटी आईने सुचवलं म्हणून कोपऱ्यात पडलेलं जातं बाहेर काढलं. खुंटा बसवला, मूठभर ज्वारी घातली. आजीचा हात फिरू लागला आणि एकामागून एक ओव्या यायला लागल्या. आठवण डोक्यात नव्हतीच, ती हातात होती. मी टाइप करताना मागे पडत होते, म्हणून फोनवर रेकॉर्डिंग केलं आणि रात्री ऐकून लिहिलं. काही शब्द मला येत नव्हते, ते आईने सांगितले. काही आईलाही येत नव्हते, ते शेजारच्या काकूंनी सांगितले. आजीच्या ओसरीवर असा रोजचा वर्गच भरायला लागला. एरवी सुट्टीत घरी गेले की मी खोलीचं दार लावून बसायचे आणि आई बाहेरून जेवायला हाका मारायची. त्या सुट्टीत आम्ही तिघी एकाच स्क्रीनकडे बघत होतो.

हॉस्टेलवर परत आल्यावर पायथनमध्ये छोटासा शोध-प्रोग्रॅम लिहिला. 'सासऱ्या' हा शब्द शोधला तर निम्म्याच ओव्या सापडल्या. कारण मोठं मजेशीर निघालं. मराठीतला 'ऱ्य' दोन प्रकारांनी साठवता येतो. एक, नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त आणि य जोडून. दुसरा, साध्या र ला हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य लावून. काही ओव्या फोनवर टाइप केलेल्या, काही लॅपटॉपवर. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. दोन ओळींचा कोड लिहून सगळे एका रूपात आणले आणि शोध नीट चालू लागला. हा प्रश्न मला कोणत्याच पाठ्यपुस्तकात भेटला नव्हता. आजीच्या सासऱ्याने शिकवला म्हणा ना!

आजवर १४३ ओव्या जमा झाल्या आहेत. संक्रांतीला मी त्या आजीला दाखवल्या. तिने ओव्या वाचल्या नाहीत, वाचणार तरी कशा? पण गाणारीच्या रकान्यातलं आपलं नाव तिने ओळखलं, स्क्रीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथं किती दिवस राहतं हे?" इंजिनियरिंगच्या दृष्टीने याहून चांगला प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. मामाच्या सीडी आठवल्या. म्हणून फाइल साध्या यूटीएफ-८ मजकुरात ठेवली आणि तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या.

बाबांना अजूनही वाटतं की हा वेळ ॲप्टिट्यूडच्या अभ्यासाला दिला असता तर बरं झालं असतं. त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही. पण परवा त्यांनीच फोन करून त्यांच्या आत्याची एक ओवी सांगितली आणि वर बजावलं, "लिहून घे, मी विसरेन." प्लेसमेंटचं त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

४. करून पाहा

ज्यांना हा नाद लावून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात :

(१) लॅपटॉपच्या भाषा-सेटिंगमध्ये मराठी निवडा आणि इनस्क्रिप्ट कळफलक चालू करा. त्यात स्वर डावीकडे आणि बरीचशी व्यंजनं उजवीकडे असतात. 'जालना' साठी पी, ई, एन, व्ही, ई या पाच कळा. पाच क्रमांक, पाच कळा! शिफ्टसोबत एन दाबलं की ळ आणि शिफ्टसोबत जे दाबलं की ऱ. हलन्त डी वर आहे.

(२) रोज दहा मिनिटं सराव करा. मला हात बसायला तीन आठवडे लागले.

(३) आता फोनला बोलूनही मराठी टाइप होतं. त्याचा उपयोग जरूर करा, पण ओवीतले जुने शब्द तो हमखास बदलतो, म्हणून रेकॉर्डिंग ऐकून प्रत्येक ओळ तपासा.

(४) सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख लिहा. आधी परवानगी विचारा. प्रत्येक ओवी सगळ्यांना दाखवण्यासाठी नसते, काही आजीने फक्त आपल्याला सांगितलेल्या असतात.

(५) ओव्याच हव्यात असं नाही. अंबडच्या आजोबांचे शेतीचे आडाखे, परतूरच्या काकूंच्या पाककृती, स्टील कारखान्यात राबलेल्या वडिलांच्या तोंडचे कामाचे शब्द, काहीही चालेल.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या हॉस्टेलमध्ये आठही तालुक्यांची मुलं-मुली आहेत. प्रत्येकाच्या घरी न लिहिलेलं एक पुस्तक बसलेलं आहे, आणि ते उतरवून घ्यायचं यंत्र आपल्या टेबलावर आहे. येत्या सुट्टीत घरी जाताना चार्जर विसरू नका. आणि घरात जातं असेल तर आईला आधीच सांगून ते बाहेर काढून ठेवा.