आधी फायली सोडवा, मग विंडोज सोडा

माणसं ऑपरेटिंग सिस्टिम निवडतात, हा समज मी केव्हाच सोडून दिला आहे. दुकानातून संगणक येतो तेव्हा त्यात विंडोज असतं, मोबाइल येतो तेव्हा बहुधा अँड्रॉइड असतं, आणि एकदा काम सुरू झालं की त्या कामाचाच इतका पसारा होतो की निवडीला जागा उरत नाही. ‘विंडोज चांगलं की लिनक्स’ असा वाद घालणारे वेग, सुरक्षितता आणि किंमत तोलत बसतात. प्रत्यक्षात माणूस अडकलेला असतो तो जुन्या फायलींत, एखाद्या प्रोग्रॅममध्ये, प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये आणि हाक मारली की येणाऱ्या दुरुस्तीवाल्यात. हे नीट न पाहता सिस्टिम बदलणारे आणि याच भीतीने कधीच न बदलणारे, दोघेही शेवटी सारखाच भुर्दंड भरतात.

इतिहासात याला पुरावे आहेत. आयबीएमने १९९२ मध्ये ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमची दुसरी आवृत्ती आणली. त्या वेळच्या विंडोजपेक्षा ती भक्कम होती, शिवाय तिच्यावर विंडोजचे प्रोग्रॅमही चालत. हीच सोय तिला नडली. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दोन्हीकडे चालणार असेल, तर ओएस/२ साठी वेगळे कष्ट कोण घेईल? पुढे विंडोज फोनचंही असंच झालं, आणि या खेपेला मार बसला तो खुद्द मायक्रोसॉफ्टला. नोकियाचे ते फोन देखणे होते, चपळही होते, पण लोकांना हवी असलेली ॲप्स त्यांवर उशिरा आली किंवा आलीच नाहीत. महासंगणकांचं चित्र मात्र अगदी उलटं आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत एकूण एक यंत्र लिनक्सवर चालतं. तिथे काम करणाऱ्यांच्या हातात प्रोग्रॅमचा मूळ कोड असतो, त्यामुळे विंडोजशी बांधून ठेवणारं काही उरत नाही. म्हणजे सिस्टिम कामामागून येते. ती चांगली की वाईट, हा प्रश्न त्यानंतरचा.

मराठी अक्षरजुळणीत हे बांधलेपण जितकं उघडं दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल. पानं लावायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. तिला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक अक्षरसंकेत पद्धत, कळत नाही. त्या काळातले मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवत, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की कवितासंग्रहाच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. काही फॉन्ट-संचांना चोरी टाळण्यासाठी प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक होतं. नव्या संगणकांना ते पोर्टच नसतं. मग छापखान्याच्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा डबा जपून ठेवला जातो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला, तरी तो डबा हलत नाही. मालक सांगतो, एक्सपी हलकं आहे, हाताला बसलं आहे. ते खरंही आहे, पण डबा तिथे असण्याचं कारण वेगळं आहे: पंधरा-वीस वर्षांची पुस्तकं, दिवाळी अंक आणि लग्नपत्रिका त्या एका यंत्राखेरीज कुठेच वाचता येत नाहीत. एक हार्ड डिस्क बसली की सगळा संग्रह बसतो.

यावरचा नेहमीचा आक्षेप असा: चाललंय ना व्यवस्थित, इंटरनेट जोडलेलंच नाही, मग धोका कसला? यात तथ्य आहे. एकाच कामासाठी ठेवलेलं, बाहेरच्या जगाशी न जोडलेलं जुनं यंत्र म्हणजे काही गुन्हा नव्हे. पण ग्राहकाचा पेनड्राइव्ह त्यात जातोच, आणि तोच मग कार्यालयातल्या इतर संगणकांतही जातो. शिवाय नुसती नवी आवृत्ती घेतली की सुरक्षित झालो, हाही भ्रम आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपासून जगभरच्या कार्यालयांपर्यंत फायली ओलीस धरल्या, तेव्हा पहिला दोष एक्सपीच्या माथी मारला गेला. नंतर दिसलं ते असं, की बाधित यंत्रांत फार मोठा भाग विंडोज ७ चा होता. त्या विंडोजला तेव्हा आधार होता, आणि वॉनाक्राय ज्यातून शिरला ते भगदाड बुजवणारी सुधारणा मार्चमध्येच आली होती. ती बसवलेली नव्हती, एवढंच. अपडेटचा निरोप दिसला की ‘नंतर’वर क्लिक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरा आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरच्या चाहत्यांचा. मला तो जवळचा वाटतो, म्हणून त्याला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवं. लिनक्स फुकट आहे, जुन्या यंत्रावर चालतं, मग सरसकट त्यावर का जाऊ नये? म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये नेमका हाच निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणले, पत्रांचे आणि अर्जांचे नमुने सांभाळायला वॉलमक्स नावाचं स्वतःचं साधनही बनवलं. तरी २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. त्यात राजकारण होतं, हे मान्य. पण बाहेरच्या कार्यालयांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणी ही खरीखुरी तक्रार होती. केरळच्या शाळांत तोच बदल टिकला. तिथे पाठ्यपुस्तकं मुक्त सॉफ्टवेअरवर बेतली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षाही त्यावरच घेतली. मुलांपाशी जुन्या फायलींचं ओझं नव्हतं आणि अडलं तर विचारायला शेजारी शिकलेला शिक्षक होता. म्युनिकचा कारकून रोज ज्यांच्याशी पत्रव्यवहार करत होता, त्यांचं जग बदललेलंच नव्हतं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून हे सारं आता अनेकांच्या दारात येऊन उभं आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. त्यामुळे धडधाकट यंत्रंही अपात्र ठरतात. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा सुधारणा नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. ही मुदत नवा संगणक शोधण्यात घालवू नये. तिचा खरा उपयोग फायली सोडवण्यासाठी आहे.

जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. रूपांतराची साधनं उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकला जाई. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतं. म्हणून ‘वर्तुळ’, ‘स्थिती’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांपाशी चुका हमखास सापडतात. मुद्रितशोधन पुन्हा करावंच लागेल आणि त्याचे पैसेही धरावे लागतील. युनिकोडमध्ये देखणे फॉन्ट नाहीत, ही तक्रार एके काळी रास्त होती; आता मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

त्यानंतर यंत्राकडे वळा. लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेनड्राइव्हवरून, हार्ड डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतात. तशी एखादी चालवून तुमचा प्रिंटर, स्कॅनर आणि डिजिटल सहीचं टोकन जोडून बघा. टॅलीवर हिशोब असेल तर तूर्त विंडोजवरच राहा, त्यात कमीपणा नाही. सगळं काम ब्राउझरमध्ये होत असेल तर लिनक्स मिंट घालून त्याच यंत्रावर आणखी काही वर्षं सहज निघतील. पण ते घालण्याआधी दुरुस्तीवाल्याला विचारा, कारण त्याला लिनक्स येत नसेल तर पहिल्या अडचणीला तो विंडोजच परत टाकून देईल, तेही बहुधा चोरीचं. मूळ फायली, फॉन्ट आणि लॉक मात्र रूपांतर झाल्यावरही फेकू नका. पुनर्मुद्रणाच्या वेळी एखाद्या ओळीची शंका आली, तर ताडून पाहायला तेच लागतील.