शेती संरक्षणाची बंदूक : साफसफाईचं सामान घरात कसं लावून ठेवाल?



भात लोंबीवर आलंय आणि रात्रीची रानडुकरं शेतात उतरायला लागली आहेत. ज्या सभासदांकडे शेती संरक्षणाचा परवाना आहे, त्यांनी पावसाळाभर गुंडाळून ठेवलेली बंदूक आता बाहेर काढली असेल. आजचा सल्ला बंदूक चालवण्याचा नाही. ती साफ करायला लागणारं तेल, चिंध्या, ब्रश, गज हे सामान घरात कुठं आणि कसं ठेवायचं, एवढाच विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण बऱ्याच घरांत तेलाची बाटली औषधांच्या फळीवर, गज माळ्यावर, चिंध्या फवारणी पंपाशेजारी आणि केपांची डबी त्याच खोक्यात असते. यातून तीन नुकसानं होतात: बंदूक गंजते, बाटल्यांची अदलाबदल होते, आणि घाईत सामान शोधताना बंदूक रिकामी आहे का हे बघायचं राहून जातं. तिसरं सगळ्यात महाग पडतं.

*१) एकच खोका, झाकणाचा*

घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. लाकडी पेटी किंवा गोणपाटाची पिशवी आपल्या कोकणच्या हवेत ओल धरते. डब्यात एवढंच ठेवा:
▪️ नळीत जाईल असा सफाईचा गज आणि तुमच्या नळीच्या मापाचा ब्रश
▪️ जुन्या सुती पंचाचे किंवा साडीचे चौकोनी तुकडे, धुऊन वाळवलेले
▪️ जुना टूथब्रश, आणि ठासणीची बंदूक असेल तर केप बसते ती टोटी मोकळी करायला बारीक पिन
▪️ बंदुकीचं तेल. ते नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं
▪️ रबरी हातमोजे, खाली अंथरायला जुनं वर्तमानपत्र
▪️ सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या

खोबरेल तेल वापरू नका. थंडीत ते थिजतं, दमट हवेत खवट होतं, आणि खवट तेलातलं आम्ल लोखंडाला चांगलं नाही. वर त्याला मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

*२) झाकणावर मोठ्या अक्षरात लिहा: "आधी बंदूक रिकामी आहे का बघ"*

ही पट्टी म्हणजे या सल्ल्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट. साफ करताना गोळी सुटते ती बहुतेक वेळा "रिकामीच आहे" असं धरून चालल्यामुळे.

काडतुसाची बंदूक असेल तर ती मोडून (उघडून) दोन्ही घरं डोळ्यांनी बघा आणि बोट घालून चाचपा. ठासणीची असेल तर आधी केप काढा, नळीचं तोंड माणसं-जनावरं नसलेल्या दिशेला ठेवा, मग गज आत सोडा. यासाठी गजावर आधीच खूण करून ठेवा: नळी नक्की रिकामी असताना गज तळापर्यंत घालायचा आणि नळीच्या तोंडापाशी रंगाची रेघ मारायची. पुढच्या वेळी ती रेघ बाहेर राहिली, तर आत काहीतरी आहे. तोंड किंवा हाताचा पंजा नळीसमोर आणू नका. ठासलेला बार स्वतः उकरून काढायचा प्रयत्न नको. परवानाधारक कारागिराला आधी फोन करा आणि तो सांगेल तसंच करा.

*३) दारू, केपा, काडतुसं या खोक्यात कधीच नाहीत*

त्यांची जागा वेगळी, कोरडी आणि कुलपातली. चूल, देवघरातला दिवा, इन्व्हर्टर यांपासून लांब. साठा परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच हवा. सफाई करायच्या खोलीत त्या वेळी एकही काडतूस किंवा दारूची डबी नसावी.

*४) खत-औषधांच्या खोलीत हा खोका नको*

हा मुद्दा आपल्या रोजच्या कामाचा आहे. सुपारीसाठी बोर्डो मिश्रण करताना आपण मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवत नाही. मिश्रण बरोबर झालं का हे बघायला लोखंडी पातं बुडवतो. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मग त्याच मोरचुदाची पूड उडते त्या फळीवर लोखंडी नळीचा गज ठेवला, तर काय होईल? म्युरेट ऑफ पोटॅशचंही तसंच. त्यात क्लोराइड असतं, ओल लागली की लोखंड खातं. युरिया हवेतलं पाणी ओढतो. म्हणून मांगरातली खताची जागा बंदुकीला आणि तिच्या सामानाला वर्ज्य. घरातलं कोरडं, कुलूप लागणारं फडताळ बरं.

दुसरं म्हणजे बाटल्या. तेल किंवा रॉकेल पाण्याच्या, सरबताच्या किंवा दारूच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवू नका. घरातलं पोर किंवा रात्री पाणी शोधणारं म्हातारं माणूस ते तोंडाला लावू शकतं. मूळ बाटली, मूळ लेबल. कीटकनाशकाला जो नियम, तोच इथं. पेट्रोल सफाईला अजिबात नको.

*५) ठासणीच्या बंदुकीला पाणी लागतं, नुसतं तेल नाही*

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. बार झाल्यावर नळीत जी काजळी उरते तिच्यात पोटॅशचे क्षार असतात. ते हवेतली ओल धरतात आणि पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वरून तेल चोपडलं तर क्षार खालीच राहतात आणि नळी आतून खाल्ली जाते. म्हणून आधी गरम साबणाचं पाणी, मग कोरडं कापड पूर्ण कोरडं येईपर्यंत, मग तेलाचा पातळ हात. बार केला त्याच दिवशी हे व्हायला हवं. खोका हाताशी लावलेला असला तरच ते होतं; नाहीतर "उद्या बघू" म्हणता म्हणता आठवडा जातो.

*६) वापरलेल्या चिंध्या*

तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, मुख्य खोक्याच्या बाहेर. दस्त्याला अळशीचं तेल लावत असाल तर जास्त जपा. हे तेल वाळताना तापतं आणि बोळा करून टाकलेली चिंधी आपोआप पेटू शकते. अशी चिंधी अंगणात सपाट पसरून वाळवा, मगच टाका. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे सफाई स्वयंपाकघरात किंवा जेवायच्या जागी करू नका. झाल्यावर हात साबणाने धुवा, मगच पोरांना जवळ घ्या.

*७) वर्षातून तीन वेळा खोका तपासा*

मृगाआधी, भात कापणीआधी आणि बंदूक जमा करायच्या वेळी. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बऱ्याच परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि ती तिथं काही आठवडे राहते. देताना साफ करून तेल लावून द्या, परत आणल्यावर त्याच दिवशी पुन्हा साफ करा. एरवीही बंदूक कापडात किंवा चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवू नका, आत ओल कोंडते.

*लक्षात असू द्या:* बंदूक परवानाधारकानेच हाताळायची आणि साफ करायची, घरातल्या पोरांच्या हाती द्यायची नाही. परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. रानडुकराच्या बाबतीतही आधी वन खात्याला विचारा. पिकाचं नुकसान झालं असेल तर फोटो काढून भरपाईसाठी लगेच वन खात्याकडे अर्ज करा. अर्ज भरायला मदत लागली तर कार्यालयात या.

आज संध्याकाळी अर्धा तास काढा आणि खोका लावून घ्या. झाकणावरची पट्टी मात्र आत्ताच लिहा.

आपला,
कृषी सल्लागार