तुमचा बुद्धिबळाचा खेळ तपासून पाहा

अंबाजोगाईत किंवा गेवराईत बसून मोबाइलवर दूरदेशीच्या खेळाडूशी बुद्धिबळ खेळणे आता सोपे झाले आहे. डाव संपला की पडद्यावरचा एक आकडा चढतो किंवा उतरतो. हा आकडा नेमके काय सांगतो?

अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी ही मोजणीची पद्धत बसवली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० साली स्वीकारली. विजयाला १ आणि बरोबरीला अर्धा गुण धरतात. दोघांच्या आकड्यांत २०० चा फरक असेल, तर वरच्या खेळाडूला १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळावेत, असे तिचे गणित आहे. मोबाइलवरील आकडेही अशाच तत्त्वावर काढतात. म्हणजे हा आकडा तापमापकासारखा आहे. ताप किती आहे ते कळते; कशाने आला ते कळत नाही. ते आपणच शोधायचे.

एक उदाहरण घेऊ. काही खेळाडू पांढरी मोहरी घेऊन लगेच वजीर आणि उंट बाहेर काढतात. दोघांचा नेम काळ्या राजाजवळच्या उंटापुढील प्याद्यावर असतो. काळ्याचे लक्ष नसेल, तर चौथ्या चालीला मात! हे बळ खरे आहे काय? पटावर मांडून पाहा. काळ्याने राजाच्या बाजूच्या घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवले की वजिराला हटावे लागते. तो पुन्हा त्याच प्याद्यावर नेम धरून समोर आला, तर काळा घोडा काढून वाट अडवतो. आता काळ्याची मोहरी बाहेर आली; पांढऱ्याच्या घोड्याचे चांगले घर मात्र त्याच्याच वजिराने अडवले. दुबळ्यापुढे जे बळ दिसले, तोच जाणत्यापुढे दोष ठरला.

आता एक वही करा. हरलेले २० डाव घ्या आणि प्रत्येकापुढे हरण्याचे कारण लिहा. कारणे बहुधा चार प्रकारची निघतील:

१. मोहरे फुकट गेले.
२. वेळ संपली.
३. सुरुवातीला मोहरी बाहेर निघाली नाहीत.
४. शेवटी जिंकता येणारा डाव सोडला.

समजा, पहिल्या प्रकारचे ९ डाव निघाले. मग नव्या सुरुवाती पाठ करून उपयोग नाही. प्रत्येक चालीपूर्वी ‘समोरच्याला आता काय मारता येईल?’ हा प्रश्न विचारायची सवय लावा.

वेळ संपत असेल, तर ३ मिनिटांचे डाव कमी करून १५ मिनिटांचे खेळा. मात्र घड्याळाला कमी लेखू नका. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. कोनेरू हंपीविरुद्धच्या अंतिम लढतीत संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत.

डावाचा शेवट कच्चा असेल, तर एक नियम पटावर पडताळून पाहा. तुमचा राजा सहाव्या रांगेत असून तुमचे एकच प्यादे त्याच्या लगेच मागे आहे, आणि समोर फक्त प्रतिस्पर्ध्याचा राजा आहे. प्यादे कडेचे नसेल, तर चाल कोणाचीही असो, तुम्ही जिंकता.

डाव चालू असताना संगणकाची मदत घेणे म्हणजे लबाडी. डाव संपल्यावरही आधी स्वतः चूक शोधा आणि मगच संगणकाला विचारा. आयते उत्तर वाचले की विचार खुंटतो.

गावात शिकवणारा नसला, तरी हे जमते. ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर गाव सोडावे लागले, तरी वही बरोबर नेता येते. शिक्षकांनी वर्गातील अशा वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. आकडा सारखाच असलेल्या दोन मुलांचे दोष किती निराळे असतात, ते दिसेल.

महिन्याने पुन्हा २० हरलेले डाव तपासा. चारांपैकी कोणता ढीग लहान झाला?