ओलाव्याने होणारा त्वचादाह
प्रश्न : वृद्धाश्रमातील आईचा डायपर दिवसातून दोनदाच बदलतात, जांघा लाल झाल्या आहेत. उपाय काय?

उत्तर : निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, म्हणजे तिचा सामू साधारण ५.५ असतो. मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार झाला की हा सामू वाढतो, मलातील पाचक विकरे अधिक क्रियाशील होतात आणि त्वचा सोलवटू लागते. त्यामुळे डायपर दर दोन तासांनी तपासणे व शौच होताच बदलणे अत्यावश्यक असून, दोनदाच बदलणे ही सरळसरळ हेळसांड होय. अंगाचा साबण टाळून कोमट पाण्याने पुढून मागे पुसावे, मऊ कापडाने न घासता टिपावे, मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्यावा. माकडहाडावरील लाली दाबूनही फिकी होत नसल्यास तो दाबव्रणाचा, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेचा, आरंभ समजून डॉक्टरांना त्वरित दाखवावे.