पहिला पंधरवडा जाऊ दे

अगं राणी, व्हिसा आला, फ्रीगंजमधून स्वेटरची खरेदीही झाली असेल. मीही उज्जैनच्याच मराठी घरातली, आणि तू शिकायला निघालीस त्या इंग्लंडमध्येच आता बरीच वर्षं राहतेय, म्हणून हक्काने सांगते. एक गोष्ट गाठीला बांधून ने: पहिल्या पंधरवड्यात कसलाही निकाल द्यायचा नाही. त्या देशाबद्दल नाही, विद्यापीठाबद्दल नाही, आणि ‘मला हे जमणार नाही’ असा स्वतःबद्दलचा तर मुळीच नाही. कारण सांगतेच, पण आधी बॅग बघू.

काकू पेढे बांधून देईल, आत्या साजूक तुपाची बरणी देईल. दोघींना आताच प्रेमाने नाही म्हण. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत. त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून विमानात चालत नाहीत. लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, नाहीतर तपासणीत तिथेच काढून ठेवावं लागेल. घट्ट बांधून मोठ्या बॅगेत घाल. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला मात्र जरूर ने. डाळ, तांदूळ, कणिक तिथे सगळं मिळतं, पण आपल्या घरचा मसाला मिळत नाही. एक छोटा लोटाही ठेव. संडासात तिथे पाण्याची सोय नसते, फक्त कागद असतो. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतेय.

इंदूरहून मुंबई किंवा दिल्ली, आणि पुढे लंडन, असं सगळं एकाच तिकिटावर घे. तसं केलंस तर इंदूरला दिलेली बॅग बहुधा थेट लंडनलाच मिळते. शिवाय पहिलं विमान रखडून पुढचं चुकलं, तर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. दोन वेगळी तिकिटं काढलीस तर तो भार तुझ्या डोक्यावर. जेवण आधीच नोंदव, आणि एक लक्षात ठेव: ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी नव्हे, त्यात मांस असू शकतं. आपल्याला हवं ते ‘एशियन व्हेजिटेरियन’. नऊ-दहा तास एका जागी बसून पाय सुजतात, तेव्हा कडेची जागा घे, पाणी पीत राहा आणि अधूनमधून उठून चाल. विद्यापीठाचं पत्र, राहण्याचा पत्ता आणि थोडे पौंड हाताशी असू देत. फोनची बॅटरी ऐन वेळी संपते, म्हणून पत्ता कागदावरही लिहून घे.

आता मुख्य गोष्ट. तू सप्टेंबरात पोचशील. तेव्हा तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. पहाटे साडेतीनला तुझे डोळे टक्क उघडतील, कारण उज्जैनला तेव्हा आठ वाजलेले असतात. संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला जीव अगदी कासावीस होईल. आपण इथे का आलो, कुणी ओळखीचं नाही, हे सगळं सोडून परत जावं, असं काहीबाही मनात येईल. बेटा, त्या वेळी तुझ्या शरीराचे रात्रीचे बारा वाजलेले असतात. घरी फोन करावा तर आई-बाबा गाढ झोपेत. ते रडू खरंच असतं, पण त्यात त्या देशाचा किंवा तुझा दोष काढू नकोस. चेहरा धू, चार घास खा आणि झोप. सकाळी तीच खोली वेगळी दिसते.

शरीराला नव्या वेळेवर आणायचं तर संध्याकाळचा उजेड अंगावर घे. पश्चिमेकडे गेल्यावर शरीराचं घड्याळ मागे सरकवायचं असतं, आणि ते काम हा उजेड करतो. तेव्हा दुपारी ताणून देऊ नकोस. सातपर्यंत उजेड असतो, तोवर बाहेर चालून ये. साधारण आठवडाभरात झोप जागेवर येते.

मग ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येईल. त्या पहाटे घड्याळं एक तास मागे घेतात आणि आपलं अंतर साडेपाच तासांचं होतं. उज्जैनच्या मुलीला हा वेळेचा हिशोब परका वाटायला नको. आपले जुने ज्योतिषी रेखांश उज्जैनपासून मोजत. ग्रीनिचची रेषा साऱ्या जगासाठी ठरली ती १८८४ साली, वॉशिंग्टनच्या परिषदेत. नुसत्या सूर्यावर मोजलं तर उज्जैन आणि ग्रीनिच यांच्यात पाच तास तीन मिनिटांचं अंतर आहे. बाकीची मिनिटं भारताने सगळ्या देशासाठी एकच वेळ धरल्यामुळे वाढली.

निघण्याआधी एकदा उज्जैनच्या वेधशाळेत जाऊन ये. शाळेच्या सहलीत बघितली असशील, पण आता शंकुयंत्रापाशी नीट उभी राहा. आपण कर्कवृत्ताच्या अगदी जवळ, म्हणून २१ जूनच्या आसपास भर दुपारी तिथल्या शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. डिसेंबरातसुद्धा उज्जैनला दुपारची सावली साधारण आपल्या उंचीएवढीच असते. लंडनला त्याच दिवसांत, भर दुपारी, ती तुझ्या उंचीच्या पावणेचार पट असेल. सूर्य इतका खाली असतो की घरांच्या छपरांआडून कसाबसा डोकावतो आणि चारच्या आत मावळतो. उज्जैनला तो पावणेसहापर्यंत असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात मन उगाच मलूल झालं, अंथरुणातून उठावंसं वाटेना, तर आधी हा हिशोब आठव. त्याचा उपायही साधा आहे. दुपारच्या सुट्टीत खोलीत न बसता उजेडात ये. तिथली सरकारी आरोग्यसेवा थंडीच्या दिवसांत सगळ्यांनाच रोज दहा मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सुचवते. आपल्यासारख्या सावळ्या रंगाच्या लोकांना तर वर्षभर. गोळ्या औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. एवढं करूनही महिनाभर उदासी हटली नाही, तर मनात ठेवू नकोस, डॉक्टरांकडे जा.

म्हणून पोचल्या पोचल्या जवळच्या दवाखान्यात नाव नोंदव. व्हिसाच्या वेळी आरोग्याचे पैसे भरलेले असतात, डॉक्टर वेगळी फी घेत नाहीत. रात्री-अपरात्री सल्ला हवा तर १११, आणि जिवावरचं असेल तर ९९९. हे दोन आकडे पाठ कर.

घरात काय काय नवं वाटेल तेही ऐकून ठेव. बेसिनवर अनेकदा गरम आणि गार पाण्याचे नळ वेगवेगळे असतात. एकातून चटका बसतो, दुसऱ्यातून बोटं बधिर होतात, म्हणून बेसिनला बूच लावून पाणी मिसळायचं. खोबरेलाची बाटली घट्ट गोठून पांढरी होईल. रेडिएटरजवळ ठेव, विरघळते. शांतता मात्र सुरुवातीला अंगावर येईल. आपल्याकडे मंदिराची घंटा, भाजीवाल्याची हाक, शेजारचा कुकर, काही ना काही कानावर पडत असतं. तिथे दार लावलं की सगळं बंद. शेजारी महिनाभर बोलला नाही तर त्याला माणूसघाणा ठरवू नकोस. तिथले लोक ओळख हळूहळू वाढवतात. तुझी एकांताची वेळ मोडू नये, असंच त्यांना वाटत असतं. बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला थँक यू म्हणतात, तूही म्हण. रोज दिसणारा तो चेहरा तुला ओळखायला लागेल.

आपल्या आधीच्या बायकांचं स्मरण ठेव. १८८३ साली दोन मराठी बायका समुद्र ओलांडून गेल्या. पंडिता रमाबाई लहानग्या लेकीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला, आणि आनंदीबाई जोशी अमेरिकेला. आनंदीबाई ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचली. अठरा वर्षांची पोर, जवळजवळ दोन महिने बोटीवर. तिची जिद्द आपण नेहमी सांगतो, आणि सांगावीच. पण मला तुला दुसरी बाजू सांगायची आहे. फिलाडेल्फियाच्या थंडीत तिची तब्येत ढासळत गेली. १८८६ साली ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षं पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयाने वारली. तो आजार तेव्हा असाध्यच होता. तुझ्या हाताशी औषधं आहेत, डॉक्टर आहेत, फोन आहे. जिद्दीच्या नावाखाली उपाशी राहणं, पैसे वाचवायला खोली गार ठेवणं, आजार लपवणं, यातलं काहीही तू करायचं नाहीस. कोट चांगला घे, वापरलेला मिळाला तरी चालेल, पण वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारा हवा. कर्जाचा हप्ता डोक्यात असतो, मला कळतं. पण शिकतानाच्या दिवसांत आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करायची परवानगी नाही, आणि त्यापलीकडचं काम रोखीने देणारा कुणी भेटला तर व्हिसा तुझा जातो, त्याचा नाही.

आपली माणसंही शोध. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने सुरू झालेलं. डॉलिस हिलला त्यांची स्वतःची वास्तू आहे, गणपती-दिवाळीला तिथे आपली भाषा कानावर पडते. दुसऱ्या गावी असशील तर विद्यापीठात चौकशी कर, मराठी मुलं असतातच. मात्र सगळा वेळ आपल्यातच घालवू नकोस. वर्गातल्या एखाद्या मुलीला खोलीवर बोलाव आणि पोहे कर. पोह्यांवर घालायला थोडी शेव बॅगेत असू दे.

घरी फोन करताना आईला फक्त चांगलंच सांगू नकोस. आवाजावरून तिला कळतंच, आणि मग ती रात्रभर जागी राहते. ‘आज जड गेलं, पण जेवले आहे’ एवढं खरं सांगितलंस तरी तिला झोप लागेल. सुरुवातीच्या दिवसांत तिथे दुपारी चार वाजता फोन कर, घरी रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात.

पंधरवडा सरला, मग एक टर्म जाऊ दे. अभ्यासाचा अंदाज येऊ दे, थंडी बघून घे, दोन-चार माणसं जोड. मग शांतपणे ठरव, हा देश कसा आहे आणि तुला तिथे किती दिवस राहायचं आहे. राहावंसं वाटलं तर राहा. शिक्षण पुरं करून परत यावंसं वाटलं तर मान ताठ ठेवून ये, त्याला हरणं म्हणत नाहीत. फक्त तो निर्णय झोप झालेल्या, पोटभर जेवलेल्या मुलीने घ्यावा. आणि संध्याकाळी साडेसातला फारच घालमेल झाली तर मला फोन कर. माझंही घड्याळ तेव्हा तुझ्याइतकंच वाजलेलं असेल.